तारेमागचा चित्रकार

एके काळी दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होत असे. तार उघडून वाचण्यापूर्वीच कोणीतरी डोळ्यांना पदर लावी. मग कोणी इंग्रजी जाणणारा शेजारी बोलावला जाई, आणि कधी ती मुलगा पास झाल्याची, नोकरी लागल्याची किंवा नातू झाल्याचीही निघे. पोस्टात बसलेला तारमास्तर दुरून येणारी ती कट्ट-कडकट्ट कानांनी टिपून घेई व कागदावर अक्षरे उतरवी. आपल्या देशातली ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज आपल्या वर्गात बसणाऱ्या बहुतेकांनी तार नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही. तरीही त्या कट्ट-कडकट्टच्या लिपीशी जोडलेले मोर्सचे नाव आपल्या कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेले असतेच.

मोर्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेत वाकून बसलेला एखादा शास्त्रज्ञ येतो. खरी गोष्ट निराळी आहे. सॅम्युएल फिनले ब्रीझ मोर्स हा धंद्याने चित्रकार होता. वयाची चाळिशी उलटेपर्यंत त्याच्या हातात कुंचलाच होता, आणि मोठा चित्रकार व्हावे यापलीकडे त्याची दुसरी महत्त्वाकांक्षा नव्हती. ती महत्त्वाकांक्षा पुरी झाली नाही. जगाने त्याला डोक्यावर घेतले ते दुसऱ्याच कामासाठी. म्हणून कला शाखेत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचे चरित्र एकदा तरी पाहावे असे वाटते.

मोर्सचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील चार्ल्सटाउन येथे झाला. वडील जेडिडाया मोर्स हे धर्मोपदेशक होते आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांचे नामांकित लेखकही. घरातले वळण कडक आणि धार्मिक होते. मुलाला येल कॉलेजात घातले. तेथे त्याने विजेवरची व्याख्याने ऐकली, ती त्याला आवडलीही; पण मन रमले ते हस्तिदंतावर लहान लहान व्यक्तिचित्रे काढण्यात. ही चित्रे विकून तो वरखर्चाला हातभार लावी. १८१० साली पदवी मिळाली आणि मुलाने घरी सांगितले की आपल्याला चित्रकार व्हायचे आहे. आईवडिलांना हा बेत पसंत नव्हता. अशा प्रसंगी आपल्याकडच्या घरांत जे होते तेच तेथेही झाले. काही काळ ओढाताण झाली, आणि शेवटी वडिलांनीच पदरमोड करून त्याला इंग्लंडला पाठवले.

१८११ साली वॉशिंग्टन ऑल्स्टन या चित्रकाराबरोबर मोर्स लंडनला पोहोचला. रॉयल अकादमीत त्याला प्रवेश मिळाला. तेथे अध्यक्षस्थानी असलेले बेंजामिन वेस्ट हे मूळचे अमेरिकन असल्याने त्यांचेही मार्गदर्शन लाभले. मरणासन्न हर्क्युलिसच्या चित्रासाठी नमुना म्हणून त्याने आधी मातीची मूर्ती घडवली. त्या मूर्तीला १८१३ साली सुवर्णपदक मिळाले आणि चित्र रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागले. बावीस वर्षांच्या परदेशी विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

त्या काळी बातमी माणसाच्या, घोड्याच्या किंवा जहाजाच्या वेगाने जाई. लंडनला पोहोचताच मोर्सने घरी पत्र लिहिले. आपण सुखरूप पोहोचलो हे क्षणात कळवता आले असते तर किती बरे झाले असते, अशा अर्थाची हळहळ त्यात आहे. त्या उशिराची किंमत केवढी असू शकते ते त्याच मुक्कामात दिसले. इंग्लंड व अमेरिका यांच्यातले युद्ध डिसेंबर १८१४ मध्ये तहाने मिटले. पण ती बातमी अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच, ८ जानेवारी १८१५ रोजी, न्यू ऑर्लिन्स येथे मोठी लढाई झाली. तहावर सह्या झालेल्या होत्या, तरी त्या दिवशी शेकडो माणसे मेली.

१८१५ साली मोर्स मायदेशी परतला तो भव्य ऐतिहासिक चित्रे रंगवण्याची स्वप्ने घेऊन. अमेरिकेला अशी चित्रे नको होती. तिथल्या श्रीमंतांना भिंतीवर लावायला स्वतःच्या तसबिरी तेवढ्या हव्या होत्या. मोर्स गावोगाव फिरून त्या रंगवू लागला. १८१८ मध्ये ल्युक्रेशिया वॉकर या तरुणीशी त्याचे लग्न झाले. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचे चित्र काढण्याचा मानही मिळाला. पण स्वप्न सुटत नव्हते. १८२२ साली त्याने अमेरिकन प्रतिनिधीगृहाचे अकरा फूट रुंदीचे प्रचंड चित्र रंगवले. रात्रीच्या बैठकीपूर्वी दिवे लावले जात आहेत असे ते दृश्य. त्यात ऐंशीहून अधिक माणसांचे चेहरे हुबेहूब काढलेले होते. तिकीट लावून हे चित्र गावोगाव दाखवावे व पैसा उभा करावा असा बेत होता. लोक फिरकले नाहीत, आणि पैसा उभा राहण्याऐवजी बुडाला.

१८२५ च्या आरंभी दैव उघडल्यासारखे वाटले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला फ्रेंच वीर लाफायेत त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. त्याचे पूर्णाकृती चित्र काढण्याचे काम न्यूयॉर्क शहराने मोर्सला दिले. मोबदला होता एक हजार डॉलर. मोर्स वॉशिंग्टनला गेला. पत्नी न्यू हेवनला सासरी होती, तिसऱ्या अपत्याचा जन्म नुकताच झाला होता. ७ फेब्रुवारी १८२५ रोजी ती अचानक वारली. वय अवघे पंचवीस. इकडे मोर्स आनंदात होता. ती गेल्यानंतरही त्याने तिला पत्र लिहिले, कारण ती गेली हे त्याला ठाऊकच नव्हते. तीन-चार दिवसांनी वडिलांचे पत्र हाती पडले. मिळेल त्या गाडीने तो रात्रंदिवस प्रवास करत न्यू हेवनला पोहोचला, तोवर तिला मूठमाती देऊन झाली होती. अखेरचे दर्शनही त्याला घडले नाही.

या प्रसंगातूनच मोर्सला तारायंत्राची कल्पना सुचली असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ऐकायला ते गोड वाटते, पण आयुष्य इतके सरळ रेषेत चालत नाही. पत्नी गेल्यावर तारेचा विचार त्याच्या मनात येण्यास सात वर्षे लोटावी लागली, आणि त्या सात वर्षांत तो चित्रकारच राहिला. १८२६ मध्ये त्याने सहकाऱ्यांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये नॅशनल अकादमी ऑफ डिझाइन ही कलासंस्था काढली व पुढे जवळजवळ वीस वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. वडील गेले, आई गेली. मुलांना नातलगांकडे ठेवून १८२९ मध्ये तो पुन्हा युरोपला गेला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याने एक अजब काम हाती घेतले. युरोपच्या थोर चित्रकारांच्या ३८ चित्रांच्या छोट्या प्रतिकृती एकाच कॅनव्हासवर त्याने अशा रंगवल्या की जणू एका दालनाच्या भिंतीवर त्या लागलेल्या आहेत. ज्या अमेरिकन माणसाला पॅरिस पाहणे शक्य नाही त्याला घरबसल्या ही चित्रे दिसावीत हा हेतू. म्हणजे दूरची गोष्ट जवळ आणण्याचा ध्यास त्याला तारेच्या आधीपासूनच होता असे म्हणता येईल. हेही चित्र लोकांनी उचलून धरले नाही. ते अखेर तेराशे डॉलरला विकावे लागले. १९८२ साली तेच चित्र साडेबत्तीस लाख डॉलरला विकले गेले! पण तोवर मोर्सला जाऊन शंभरावर वर्षे झाली होती.

१८३२ च्या ऑक्टोबरात 'सली' नावाच्या जहाजातून तो परत निघाला. जहाजावर चार्ल्स जॅक्सन नावाचे बोस्टनचे एक डॉक्टर होते. जेवणाच्या टेबलावर विद्युच्चुंबकाच्या प्रयोगांची गोष्ट निघाली. तार कितीही लांब असली तरी वीज तिच्यातून क्षणात जाते, असे बोलणे झाले. मोर्सच्या डोक्यात प्रकाश पडला. वीज आहे की नाही हे तारेच्या दुसऱ्या टोकाला दिसू शकत असेल, तर त्या असण्या-नसण्यातून भाषा का तयार होऊ नये? उरलेल्या प्रवासात त्याने चित्रकाराच्या वहीत यंत्राच्या आकृत्या आणि खुणांच्या जुळण्या काढल्या. त्या काळी युरोपात इतर शास्त्रज्ञही विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग करत होते, याची मात्र त्याला कल्पना नव्हती.

पुढची पाच वर्षे हालाची होती. न्यूयॉर्क विद्यापीठात त्याला कलेच्या प्राध्यापकाचे पद होते, पण ठरलेला पगार नव्हता. उत्पन्न विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून. विद्यापीठातल्या खोलीतच तो राही, तेथेच स्वतःच्या हाताने काहीतरी रांधून खाई. पहिले यंत्र त्याने जे बनवले ते पाहिले की हसूही येते आणि गहिवरूनही येते. कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट त्याने टेबलाला ठोकली. तिच्यात लोंबता दांडा, दांड्याला पेन्सिल, खाली सरकणारी कागदाची पट्टी. विद्युच्चुंबकाने दांडा ओढला की पट्टीवर रेघ वाकडी होई. आपण ज्याला 'की' म्हणतो तो बोटाने दाबायचा खटका या यंत्रात नव्हताच. छापखान्यातल्या खिळ्यांसारखे दातेरी खिळे ओतून ते एका पट्टीत जुळाऱ्याप्रमाणे मांडायचे, आणि ती पट्टी एका तरफेखालून सरकवायची. दात आला की तरफ उचलली जाई, तारेची टोके पाऱ्याच्या वाट्यांत बुडत आणि वीज वाहू लागे. चित्रकाराला जे सामान ठाऊक होते त्यातूनच त्याने यंत्र उभे केले होते.

यंत्र चाले, पण वीज थोड्या अंतरावरच दम तोडी. येथे त्याच विद्यापीठातील लेनर्ड गेल हे प्राध्यापक मदतीला धावले. जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाचे संशोधन त्यांना ठाऊक होते. एकाऐवजी अनेक विद्युतघट जोडावेत आणि चुंबकावर तारेचे पुष्कळ वेढे द्यावेत, हे त्यांनी सुचवले. पुढे रिलेची युक्तीही आली. एका तारेतली क्षीण झालेली वीज एवढेच करी की पुढच्या तारेचा खटका दाबी, आणि तेथून नव्या घटाची ताजी वीज पुढे निघे. पूर्वी टप्प्याटप्प्यावर डाकेचे घोडे बदलत तशातलाच हा प्रकार. १८३७ च्या सप्टेंबरात विद्यापीठात १७०० फूट तारेतून प्रयोग झाला. तो पाहणाऱ्यांत आल्फ्रेड व्हेल नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा न्यू जर्सीत लोखंडाचा कारखाना होता. व्हेल भागीदार झाला. त्याने घरचा पैसा आणला आणि त्याहून मोलाचा असा यंत्रे घडवण्याचा सराईत हात आणला. जानेवारी १८३८ मध्ये त्या कारखान्यात दोन मैल तारेतून संदेश गेला.

मोर्सच्या मूळ पद्धतीत आकडे पाठवायचे आणि कोशात पाहून त्यांचे शब्द लावायचे असत. त्याऐवजी प्रत्येक अक्षराला बिंदू आणि रेघ यांची जुळणी ठरली. इंग्रजीत अधिक येणाऱ्या अक्षरांना आखूड खुणा दिल्या. 'ई'ला एक बिंदू, 'टी'ला एक रेघ. कोणते अक्षर किती वेळा येते हे छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवतात ते मोजून ठरवले, असे सांगतात. सुटसुटीत 'की'ची घडण व्हेलच्या हातची. लिपीतला वाटा कोणाचा किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण व्हेलचे ऋण नाकारता येणार नाही.

त्याच १८३७ साली मोर्सच्या मनावर मोठा घाव बसला. वॉशिंग्टनच्या संसदभवनातील घुमटाखालच्या दालनासाठी चार भव्य चित्रे काढायची होती. ज्या कामाची वाट तो आयुष्यभर पाहत आला ते हेच. चित्रकारांची निवड झाली आणि मोर्सचे नाव वगळले गेले. त्यानंतर त्याने चित्रकला जवळजवळ सोडून दिली. हा सल त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. पुढे कीर्ती मिळाल्यावरही मित्राला लिहिलेल्या पत्रात चित्रकलेविषयी तो कडवटपणे बोलतो.

आता तारच उरली. पेटंट मिळवण्यासाठी तो युरोपात गेला. इंग्लंडने नकार दिला. फ्रान्सने पेटंट दिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. पॅरिसमध्ये मार्च १८३९ मध्ये तो छायाचित्रणाचा जनक दागेर याला भेटला. दुसऱ्या दिवशी दागेर मोर्सचे यंत्र पाहायला आला, आणि तो तेथे असतानाच तिकडे दागेरच्या चित्रगृहाला आग लागून ते खाक झाले. बातमी वेळेवर न पोहोचण्याचा हा आणखी एक नमुना! मोर्सने छायाचित्रणाची कला अमेरिकेत आणली. ती शिकवून त्याने पोट भरले. अमेरिकन यादवी युद्धाच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध झालेला मॅथ्यू ब्रेडी त्याच्याकडे शिकला होता.

१८४३ साली अमेरिकन संसदेपुढे तारेच्या प्रयोगासाठी तीस हजार डॉलर देण्याचा प्रस्ताव आला. सभासदांनी थट्टा केली. विजेला पैसे द्यायचे तर संमोहनविद्येलाही द्या, असा सूर निघाला. ८९ विरुद्ध ८३ अशा निसटत्या मतांनी प्रस्ताव पार पडला. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर सुमारे चाळीस मैलांची तार टाकायची ठरली. आधी ती शिशाच्या नळीतून जमिनीखाली पुरली. आवरण सदोष निघाले, वीज झिरपू लागली आणि बराच पैसा मातीत गेला. मग खांब रोवून काचेच्या विद्युतरोधकांवर तार टांगली. पुढे जगभर खेड्यापाड्यांतून जे तारेचे खांब दिसू लागले त्यांच्या मागे ही फसगत आहे.

२४ मे १८४४ रोजी संसदभवनातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात मोर्सने की दाबली आणि बाल्टिमोरला बसलेल्या व्हेलने तोच संदेश परत पाठवला. संदेश बायबलमधल्या एका वचनाचा होता. पेटंट खात्याच्या प्रमुखांची कन्या अ‍ॅनी एल्सवर्थ हिने तो निवडला होता. काही दिवसांतच बाल्टिमोरला एका पक्षाचे अधिवेशन भरले. उपाध्यक्षपदासाठी सायलस राइट यांचे नाव ठरले, ते तारेने वॉशिंग्टनला कळवले, आणि तिथून राइट यांचा नकार थोड्याच वेळात आला. प्रतिनिधींचा विश्वास बसेना. खात्री करायला त्यांनी माणसे आगगाडीने धाडली, आणि उत्तर तेच निघाले.

यंत्र कागदावर खुणा उमटवी, पण तारमास्तर कागदाकडे पाहीनासे झाले. नुसत्या आवाजावरून त्यांना अक्षरे कळू लागली. मोर्सला हे आधी रुचले नाही, लेखी पुरावा हवा असा त्याचा आग्रह होता. मात्र कामाच्या रगाड्यात कानच जिंकले. प्रत्येकाच्या की दाबण्याला स्वतःची लय असे. पलीकडे कोण बसला आहे हे जुने तारमास्तर त्या लयीवरून ओळखत.

यशाबरोबर भांडणे आली. जॅक्सन म्हणू लागले की कल्पना माझी. कोर्टकज्जे झाले. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोर्सचे पेटंट उचलून धरले, मात्र विजेने दूर अक्षर उमटवण्याच्या प्रत्येक मार्गावर हक्क सांगणारे त्याचे कलम अमान्य केले. नियमावर कोणाची मालकी नसते, यंत्रावर असते, हा तो न्याय. ज्या हेन्रींच्या संशोधनावर यंत्र उभे होते त्यांच्याशीही मोर्सने वैर धरले व १८५५ मध्ये त्यांच्याविरुद्ध पुस्तिका छापली. व्हेल तर १८४८ मध्येच तारेचे काम सोडून गेला होता. १८५९ साली तो वारला तेव्हा त्याच्याजवळ ना पैसा होता ना कीर्ती.

चरित्र लिहायचे तर आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. मोर्सची राजकीय मते संकुचित होती. अमेरिकेत येणाऱ्या कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध त्याने लेख लिहिले, त्याच मुद्द्यावर १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली आणि हरला. पुढे गुलामगिरीचे त्याने उघड समर्थन केले. ज्याने माणसामाणसांतले अंतर पुसले त्याच्याच मनात माणसामाणसांत एवढे अंतर असावे, याचे दुःख होते. थोर माणसाला आपण देव करतो आणि मग त्याच्या अशा बाजूकडे पाठ फिरवतो. तसे न करता सबंध माणूस पाहावा हेच बरे.

१८४८ मध्ये मोर्सने सारा ग्रिझवल्ड हिच्याशी दुसरे लग्न केले. तिला ऐकू येत नसे. हडसन नदीकाठी घर झाले, मुलेबाळे झाली. १८५८ मध्ये युरोपातल्या काही राष्ट्रांनी मिळून त्याला चार लाख फ्रँक दिले. १८६६ पासून अटलांटिक महासागराच्या तळातून तार कायमची सुरू झाली. ज्या अंतराला १८११ मध्ये पत्राला महिना लागे तेथे आता मिनिटे पुरू लागली. १० जून १८७१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्या रात्री समारंभात ऐंशी वर्षांच्या मोर्सने स्वतः की हाती घेऊन तारखात्यातील मंडळींना निरोप दिला. २ एप्रिल १८७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

पुढे जर्मनीतील गेर्के याने सुधारलेली त्याची लिपी १८६५ मध्ये आंतरराष्ट्रीय झाली. आपल्या तारमास्तरांच्या बोटांत आली ती हीच. समुद्रावरच्या जहाजांनी १९९९ साली तिचा अधिकृत निरोप घेतला. हौशी रेडिओवाले मात्र आजही ती वापरतात.

मोर्सने चित्रकला टाकली की चित्रकलेने मोर्सला टाकले, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याचे पहिले यंत्र चित्राच्या चौकटीत उभे राहिले ही गोष्ट सूचक आहे. घरी कोणी विचारते की कला शाखेला जाऊन पुढे काय करणार, तेव्हा आपल्यापाशी उत्तर नसते. मोर्सपाशीही ते चाळीस वर्षे नव्हते. आपण हाताने जे शिकतो ते कोणत्या दिवशी कशाच्या उपयोगी पडेल हे आधी कळत नाही. एवढे मात्र कळते की त्याच्या यशात गेल, हेन्री आणि व्हेल यांचे हात होते, आणि पुतळा एकट्याचा झाला. पुढे कधी आपल्याला यश मिळालेच, तर सोबत्यांची नावे घ्यायला आपण विसरू नये.